ऑर्किडची कुंडी: साल भिजवण्यापासून पाणी घालण्यापर्यंत

ऑर्किडविषयी आलेल्या पत्रांतले बहुतेक प्रश्न कुंडीतलं मिश्रण आणि पाणी या दोन गोष्टींभोवती फिरतात. त्यातले निवडक या वेळी घेतले आहेत. फॅलेनॉप्सिस, डेंड्रोबियम, कॅटलिया, वांडा ही आपल्याकडे घरोघरी दिसणारी ऑर्किडं मुळात झाडांच्या फांद्यांवर वाढणारी. त्यांच्या मुळांवर व्हेलामेन नावाचं जाड, सच्छिद्र आवरण असतं. पाणी लागताच ते पटकन शोषून घेतं, आणि मग मुळाला मोकळी हवा लागते. ती मिळाली नाही की मूळ आतून सडतं. पुढची सगळी उत्तरं या एका गरजेवर बेतलेली आहेत.

प्रश्न (पुणे): पाइनची साल विकत आणली आणि पिशवीतून काढून तशीच कुंडीत भरली. रोज पाणी घालते, तरी फॅलेनॉप्सिसची पानं सुरकुतली आहेत. साल वापरण्याआधी काही करायला हवं होतं का?

हो. कोरडी साल पाणी झटकून टाकते. वरून घातलेलं पाणी तुकड्यांच्या फटींतून सरळ खाली निघून जातं, साल आतून कोरडीच राहते, आणि नवी मुळं तिच्यात शिरत नाहीत. दिसायला कुंडी रोज भिजते, प्रत्यक्षात झाड तहानलेलं असतं. पहिले चार-सहा आठवडे हाच प्रकार चालतो, आणि नेमक्या त्याच काळात नव्याने लावलेल्या झाडाला ओल हवी असते.

आधी साल चाळा. वाळू चाळायची साधारण 6 मिलिमीटर भोकांची चाळणी पुरे. खाली पडणारा चुरा ऑर्किडला अजिबात वापरू नका, कारण तोच पुढे तुकड्यांमधल्या फटी बुजवतो. गुलाब-जास्वंदीच्या मातीत मिसळून टाका. वर राहिलेल्या तुकड्यांतून पांढरट लाकडाचे कपटे हाताने वेचून काढा. साल टिकते, लाकूड लवकर कुजतं, आणि कुजलेल्या एका कपट्याभोवतीची मुळंही खराब होतात.

मग तुकडे बादलीत घेऊन दोन-तीन पाण्यांनी धुवा. धूळ गेली की हाताला चटका बसेल इतकं गरम पाणी ओता, साधारण 60 ते 70 अंशांचं. गार पाण्यापेक्षा ते सालीत लवकर मुरतं. साल तरंगते, म्हणून वर ताट ठेवून त्यावर वीट ठेवा. 24 तासांनी पाणी चहाच्या रंगाचं झालेलं दिसेल; ते टाकून ताजं पाणी भरा आणि आणखी 12 ते 24 तास ठेवा. सगळे तुकडे बुडायलाच हवेत असं नाही. एक तुकडा मोडून पाहा: आत गडद आणि ओलसर असेल तर साल तयार आहे, मध्ये फिकट कोरडा भाग असेल तर आणखी एक दिवस ठेवा. नंतर गाळणीत तासभर निथळू द्या आणि ओलसर असतानाच कुंडी भरा. भिजवलेली साल उन्हात वाळवून ठेवली तर सगळी मेहनत वाया जाते.

पुण्याच्या हवेत, खिडकीत किंवा झाकलेल्या गॅलरीत ठेवलेल्या फॅलेनॉप्सिससाठी 10 ते 20 मिलिमीटरच्या सालीचे 7 भाग, लाकडी कोळशाचे 2 भाग आणि परलाइटचा (फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे) 1 भाग हे प्रमाण चांगलं चालतं. 5 इंची कुंडीला साधारण 1 लिटर मिश्रण लागतं, 6 इंचीला दीड ते पावणेदोन लिटर. कोळसा लाकडाचा हवा. दगडी कोळसा किंवा शेगडीसाठी मिळणाऱ्या दाबून केलेल्या वड्या चालत नाहीत. कोळशाचे सेंटिमीटरभर तुकडे करून काळं पाणी येणं थांबेपर्यंत धुवा. परलाइट हाताळण्याआधी पिशवीतच पाणी शिंपडा, नाहीतर त्याची धूळ नाकातोंडात जाते.

तुमचं झाड आत्ता वाचवायचं असेल तर पूर्ण कुंडी 20 मिनिटं पाण्यात बुडवा, निथळवा, आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा बुडवा. तीन-चार वेळा असं केलं की सालीत पाणी मुरतं. पाणी कुंडीच्या काठापर्यंतच येऊ द्या. पानांच्या गाभ्यात जाऊ देऊ नका. सुरकुतलेली जुनी पानं पूर्वीसारखी ताठ होतीलच असं नाही. नवीन पान आणि मुळांची हिरवी टोकं दिसली की उपाय लागू पडला असं समजा.

प्रश्न (मुंबई): फुलांसह विकत घेतलेलं फॅलेनॉप्सिस. वरची साल कोरडी दिसली की पाणी घालतो. दोन महिन्यांत पानं लोंबली. पाणी कमी पडतंय का?

बहुधा जास्त होतंय. पाणी कमी पडलं तरी पानं लोंबतात आणि मुळं सडली तरीही लोंबतात, म्हणून पानांवरून निर्णय घेऊ नका. झाड कुंडीतून काढून मुळं दाबून पाहा. घट्ट, पांढरी किंवा हिरवी असतील तर तहान. पोकळ, तपकिरी, दाबताच मुळाचं आवरण सुटून आतला दोरा हातात येत असेल तर सड.

रोपवाटिकेत ही रोपं लहान असताना मॉसच्या (वाळवलेल्या शेवाळाच्या) किंवा नारळाच्या भुशाच्या छोट्या गोळ्यात वाढवतात, आणि तोच गोळा पुढे मोठ्या कुंडीत सालीच्या मधोमध बसवतात. वरची साल दोन दिवसांत वाळते, गोळा आठ-दहा दिवस ओला राहतो. तुम्ही सालीकडे बघून पाणी घालता आणि खोडाच्या बुडाशी सतत चिखल असतो. मुंबईच्या दमट हवेत तर तो वाळतच नाही.

फुलं असतील तर बांबूची बारीक काडी मधोमध, गोळ्यापर्यंत खोचून ठेवा. पाणी घालण्याआधी ती काढून गालाला लावून बघा. गार, ओली लागली तर थांबा. फुलं गळाल्यावर झाड काढा, गोळा कोमट पाण्यात भिजवून बोटांनी सोडवा आणि सगळा काढून टाका. घट्ट मुळांच्या जाळ्यात अडकलेला थोडा भुसा राहिला तर ओढून मुळं तोडू नका. सडलेली मुळं कापा, निरोगी ठेवा, आणि उरलेली मुळं जेमतेम मावतील एवढीच कुंडी घ्या. अर्धी मुळं गेली असतील तर आधीपेक्षा लहान कुंडी लागेल. मोठ्या कुंडीत मुळं न पोहोचलेला भाग ओलाच राहतो.

दालचिनीची पूड कापलेल्या जागी लावायला पुष्कळजण सांगतात. पानाच्या किंवा दांड्याच्या जखमेवर ती चालते. मुळांवर चोळू नका, ती निरोगी मूळही सुकवते.

प्रश्न (ठाणे): आठवड्यातून किती वेळा पाणी घालायचं?

वारांवर ठरवता येत नाही. तीच कुंडी मे महिन्यात दोन दिवसांत वाळते आणि जुलैत आठ दिवस वाळत नाही.

सगळ्यात भरवशाची पद्धत वजनाची. पाणी घालून, अर्धा तास निथळल्यावर कुंडी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा आणि आकडा कुंडीवर लिहा. नंतर रोज वजन करा. फॅलेनॉप्सिसची मुळं चंदेरी-राखाडी झाली, पारदर्शक कुंडीच्या आतल्या बाजूला बाष्प दिसेनासं झालं, त्या दिवशीचा आकडाही लिहा. या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे तुमच्या मिश्रणात मावणारं उपयोगी पाणी. दोन-तीन वेळा असं केलं की पुढे काट्याची गरज उरत नाही. कुंडी उचलली की हाताला कळतं. डेंड्रोबियम आणि कॅटलियाच्या फुगीर खोडांत पाणी साठलेलं असतं, त्यांना पूर्ण कोरडं झाल्यावर आणखी एक दिवस थांबलं तरी चालतं. फॅलेनॉप्सिसकडे तसा साठा नाही. त्याला कोरडं होताच पाणी हवं.

पाणी घालायचं ते सकाळी, आणि भरपूर. कपभर पाणी घालून थांबणं ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. त्याने वरचा थर भिजतो, खालची मुळं कोरडी राहतात आणि क्षार आतच साचतात. खालच्या भोकांतून पाणी मिनिटभर वाहील इतकं घाला, दहा मिनिटांनी तसंच पुन्हा घाला. पहिल्या पाण्याने सालीचा पृष्ठभाग ओला होतो, दुसरं पाणी आत मुरतं. खालच्या ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाका. गाभ्यात पाणी गेलंच तर टिशू पेपरच्या टोकाने टिपून घ्या. रात्रभर तिथे राहिलेल्या पाण्याने मधलं पान सडलं की फॅलेनॉप्सिसची वाढच थांबते.

एकाच बादलीत अनेक कुंड्या बुडवू नका. एका झाडाची बुरशी किंवा जिवाणू त्याच पाण्यातून बाकीच्यांकडे जातात.

प्रश्न (चिपळूण): इथे पावसाळ्यात सालीतली ऑर्किडं सडतात. घरची नारळाची सोडणं भरपूर आहेत. ती वापरता येतील का?

येतील, पण पावसात उघड्यावर ठेवणार असाल तर सोडण सालीपेक्षाही वाईट. ते पाणी जास्त धरतं. कोकणात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यात कुठलंही बारीक मिश्रण वाळायला वेळच मिळत नाही. सीतेची वेणी हे रानातलं ऑर्किड, ती त्याच पावसात आंब्या-फणसाच्या फांदीवर सुखाने वाढते, कारण तिच्या मुळांवरून पाणी ओघळून जातं आणि पाऊस थांबला की वाऱ्याने मूळ वाळतं. कुंडीत ती सोय आपल्याला करून द्यावी लागते.

जून ते सप्टेंबर कुंड्या पारदर्शक पत्र्याखाली किंवा प्लॅस्टिकच्या छपराखाली आणा, बाजू मोकळ्या ठेवा, आणि दोन कुंड्यांत वीतभर अंतर ठेवा. डेंड्रोबियमसाठी साल वापरायचीच असेल तर 20 ते 30 मिलिमीटरची जाड घ्या: साल 4 भाग, कोळसा 4 भाग, विटांचे तुकडे 2 भाग. उंच झाड कलंडू नये म्हणून तळाला जांभ्याचे दोन-तीन तुकडे ठेवलेत तर वजन मिळतं. कुंडीच्या मध्यभागी जाळीची छोटी कुंडी उपडी ठेवून भोवती मिश्रण भरलं तर हवा अगदी खोडाखालपर्यंत पोहोचते. तळाला थर्माकोलचा थर देण्यापेक्षा आम्हाला हा उपाय जास्त पटतो. वांडाला तर मिश्रणच नको, लाकडी टोपलीत मुळं मोकळी सोडा.

सोडण ऑक्टोबर ते मे या काळासाठी उत्तम. पिकलेल्या, वाळलेल्या नारळाचं घ्या. शहाळ्याचं लवकर कुजतं. दीड-दोन सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे करा आणि मोकळा काथ्या झटकून टाका. सोडणात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात, किनाऱ्यालगतच्या झाडांच्या सोडणात विशेष. ते काढले नाहीत तर मुळांची टोकं काळी पडतात. 24 तास भिजवून पाणी टाका, असं तीन वेळा करा. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) असेल तर शेवटच्या पाण्याचा आकडा तुमच्या विहिरीच्या पाण्याच्या आकड्यापेक्षा 100 पीपीएमहून (दहा लाख भागांत इतके भाग) जास्त नको. त्यानंतर 10 लिटर पाण्यात 30 ते 40 ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवून त्यात तुकडे रात्रभर ठेवा. नुसत्या पाण्याने मोकळा क्षार धुतला जातो, पण तंतूंना चिकटलेला सोडियम तिथेच राहतो; कॅल्शियम त्याची जागा घेऊन त्याला बाहेर काढतं. सकाळी एकदा स्वच्छ धुतलं की काम झालं.

प्रश्न (श्रीरामपूर): लाकडाच्या वखारीत बाभूळ आणि कडुनिंबाची साल फुकट मिळते. पाइनचीच का हवी?

पाइनची साल थरांची, बुचासारखी असते आणि तिच्यात लिग्निन (लाकडाला टणकपणा देणारा घटक) व राळ भरपूर असल्यामुळे ती सावकाश कुजते. हिमाचल आणि उत्तराखंडातल्या चीडच्या झाडांची साल म्हणूनच या कामाला योग्य. बाभळीची साल तंतुमय असते. ती टॅनिन या तुरट द्रव्यासाठी चामडं कमवायला वापरतात, आणि ते टॅनिन कुंडीतही उतरत राहतं. वखारीतल्या सालीला आतून लाकडाचा थर चिकटलेला असतो, त्यात भुंगेरे आणि बुरशी असतात. खोक्यांच्या पाइनच्या फळ्या तोडून वापरू नका, ते लाकूड आहे. पाइनची साल महाग वाटत असेल तर कोळसा, विटांचे तुकडे आणि धुतलेलं सोडण समप्रमाणात घ्या. तुमच्याकडच्या कोरड्या हवेत डेंड्रोबियम त्यात छान येतं.

प्रश्न (नागपूर): मे महिन्यात सकाळी घातलेलं पाणी दुपारपर्यंत उडून जातं. मिश्रण बदलावं का?

बदला. विदर्भात पारा 45 अंशांवर जातो आणि हवेत ओलावा नसतो, तिथे जाड साल-कोळसा चालत नाही. 8 ते 12 मिलिमीटरची साल 5 भाग, धुतलेलं सोडण 3 भाग, कोळसा 1 भाग आणि भिजवून पिळलेलं स्फॅग्नम मॉस 1 भाग घ्या. मॉस हलक्या हाताने सोडवून मिसळा, त्याचे गोळे राहिले तर तिथेच सड सुरू होते. मातीची कुंडी लवकर वाळते हे खरं, पण बाष्पीभवनाने ती गारही राहते. उन्हाची झळ लागणाऱ्या जागी आम्ही मातीचीच निवडू. ती लावण्याआधी दोन तास पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर ती मिश्रणातलं पाणी ओढून घेते.

पाणी सकाळी सहा-सातला द्या. दुपारी तापलेल्या कुंडीत पाणी ओतू नका, आणि गच्चीवरच्या टाकीचं पाणी आधी हात घालून बघा. संध्याकाळी झाडावर नव्हे, भोवतालच्या फरशीवर पाणी मारा. कूलरच्या टाकीतलं पाणी मात्र कधीही घालू नका. पाणी उडत जातं आणि क्षार टाकीत साठत जातात. जून-जुलैत पाऊस स्थिरावला की हेच मिश्रण जास्त ओलं वाटेल, तेव्हा दोन पाण्यांमधलं अंतर लगेच वाढवा.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): बोअरचं पाणी फार जड आहे. आरओचं टाकाऊ पाणी किंवा एसीचं पाणी चालेल का?

आरओचं टाकाऊ पाणी नको, त्यात मूळ पाण्यातले क्षार एकवटलेले असतात. एसीचं पाणी जवळजवळ क्षारविरहित असतं, ते चालतं. सर्व्हिसिंगनंतर पहिले दोन-तीन दिवसांचं सोडून द्या, कारण कॉइल धुण्याची रसायनं त्यात उतरतात. 200 पीपीएमच्या आतलं पाणी ऑर्किडला मानवतं. बोअरचं पाणी 600 असेल तर त्यात दुप्पट एसीचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी मिसळा, आकडा 200 च्या आसपास येतो. फक्त एसीचं किंवा पावसाचं पाणी वापरत असाल तर कॅल्शियम खतातूनच द्यावं लागेल.

सालीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरी पापडी दिसू लागली असेल तर महिन्यातून एकदा कुंडीच्या तिप्पट आकारमानाचं हलकं पाणी सावकाश आरपार जाऊ द्या.

प्रश्न (नाशिक): ताज्या सालीत लावल्यापासून डेंड्रोबियमची पानं फिकट पिवळी पडत आहेत. मुळं चांगली आहेत.

नत्र कमी पडतंय. साल कुजवणारे सूक्ष्मजीव स्वतःच्या वाढीसाठी नत्र उचलतात, आणि साल नवी असताना झाडाच्या वाट्याला कमी येतं. पाण्यात विरघळणारं 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारखे असलेलं) खत लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा द्या. दर तिसऱ्या आठवड्याला त्याऐवजी कॅल्शियम नायट्रेट, तेही लिटरला अर्धाच ग्रॅम. दोन्ही एकाच वेळी दाट कालवू नका, कॅल्शियम आणि फॉस्फेट मिळून साका तळाला बसतो. आधी साधं पाणी घालून मुळं भिजवा, मग खत. कोरड्या मुळावर खताचं पाणी पडलं तर टोकं करपतात. चमचाभर जास्त घालून लवकर हिरवं होईल या आशेने मात्रा वाढवू नका.

प्रश्न (कोल्हापूर): सालीच्या वरच्या थरात पांढरी भुकटी पसरली आहे आणि तिथून पाणी घरंगळून जातं. औषध कोणतं मारू?

औषधाने फारसं साधत नाही. ही बुरशी मुळांवर हल्ला करत नाही, ती कुजणारी साल खाते. पण तिच्या जाळ्यातून पाणी आत शिरत नाही, म्हणून झाड सुकतं. साल संपत आल्याचं ते लक्षण आहे. सगळं मिश्रण फेकून द्या, मुळं वाहत्या पाण्याखाली धुवा, कुंडी ब्लीचच्या पाण्यात (9 भाग पाण्याला 1 भाग ब्लीच) अर्धा तास ठेवून स्वच्छ धुवा आणि नव्या, भिजवलेल्या सालीत लावा. डेंड्रोबियम असेल तर तांबेयुक्त बुरशीनाशक मारूच नका, त्याने पानं आणि कोंब जळतात.

प्रश्न (मडगाव): साल किती दिवसांनी आणि कोणत्या महिन्यात बदलायची?

आपल्या उष्ण-दमट हवेत साल दीड ते दोन वर्षं टिकते. तुकडा बोटांत चुरडला, मिश्रण कुंडीच्या काठापासून दोन बोटं खाली बसलं, किंवा पाणी घातल्यावर आंबूस वास आला, तर तारखेची वाट बघू नका.

महिना झाडाने ठरवावा. डेंड्रोबियमच्या नव्या कोंबाच्या बुडातून मुळं निघून एक-दोन सेंटिमीटर लांब झाली की ती वेळ, साधारण एप्रिल ते जून. ती मुळं नव्या सालीतच पहिल्यांदा शिरतात. त्यांना वाढून चार इंच होऊ दिलंत तर लावताना मोडतात, आणि मोडलेलं टोक पुन्हा वाढेलच असं नाही. फॅलेनॉप्सिस फुलं संपल्यावर बदला. गोव्यात भर पावसात मात्र नको, कापलेल्या जागा वाळत नाहीत.

प्रत्येक झाडानंतर कात्रीची पाती ज्योतीवर तापवून घ्या. ऑर्किडचे विषाणू रसातून पसरतात आणि त्यावर औषध नाही. नुसतं फडक्याने पुसून भागत नाही. लावताना खोडाचं बूड सालीच्या पृष्ठभागाबरोबर ठेवा, पुरू नका. झाड हलत असेल तर बांबूच्या काडीला बांधा, कारण हलणाऱ्या झाडाची नवी मुळं सालीवर घासून तुटतात. मुळं कापली असतील तर पहिलं पाणी तीन दिवसांनी, नसतील तर दुसऱ्या दिवशी सकाळी. खत मात्र नव्या मुळांची हिरवी टोकं दिसेपर्यंत थांबवा.